चार मीटरच्या आतली दहा वर्षे

भारतातील कॉम्पॅक्ट एसयूव्हीची लांबी अभियंत्यांच्या आराखड्यात ठरण्यापूर्वी केंद्रीय अर्थसंकल्पात ठरली. २००६च्या अर्थसंकल्पात ‘लहान मोटार’ कोणती याची व्याख्या करण्यात आली. चार हजार मिलिमीटरपेक्षा अधिक लांबी नसलेल्या आणि पेट्रोलसाठी १२०० सीसी, तर डिझेलसाठी १५०० सीसीपर्यंत इंजिनक्षमता असलेल्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क त्या वेळी २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले आणि त्या दिवसापासून चार मीटर ही रेषा भारतीय मोटारउद्योगाच्या डोक्यात पक्की बसली. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा व्याख्या टिकून राहिली. लहान पेट्रोल गाडीवर २८ टक्के करावर एक टक्का अधिभार आणि मोठ्या एसयूव्हीवर मात्र काही महिन्यांतच २२ टक्क्यांपर्यंत पोचलेला अधिभार, असा भेद तिच्या आधारेच केला गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या दरांतही लहान गाडीला १८ आणि मोठ्या गाडीला ४० टक्के अशी विभागणी त्याच रेषेवर उभी आहे. एकीकडे करामुळे लांबी आखडली, दुसरीकडे खड्डे, उंच गतिरोधक आणि पावसाळ्यात तुंबणारे पाणी यांमुळे गिऱ्हाइकाला उंच गाडी हवीशी झाली, आणि या दोहोंच्या ओढाताणीतून आखूड, उंच, मागून एकदम सपाट कापल्यासारखी दिसणारी गाडी जन्माला आली.

या गाडीच्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. चार मीटरच्या आत बसणारी पहिली एसयूव्ही म्हणून जिचा उल्लेख होतो ती प्रीमियर रिओ २००९ मध्ये चिंचवडच्या कंपनीने आणली. तिला बाजारात फारसे यश लाभले नाही. पण २०१३ मधील फोर्ड इकोस्पोर्ट आणि २०१६ मधील मारुती विटारा ब्रेझा यांनी हा वर्ग घराघरांत पोचवला, आणि त्यानंतर पुण्याजवळच्या रांजणगावातून टाटा नेक्सॉन (२०१७) व नाशिकहून महिंद्रा एक्सयूव्ही ३०० (२०१९) बाहेर पडल्या. यांपैकी सुरुवातीच्या गाड्यांना आता आठ ते बारा वर्षे होत आली आहेत. नव्या गाडीची परीक्षणे पहिल्या काही दिवसांच्या अनुभवावर लिहिली जातात, तर कंपनीची हमी तीन किंवा फार तर पाच वर्षांनी संपते. त्यामुळे हा वर्ग म्हातारपणी कसा वागतो हे पाहण्याची संधी खऱ्या अर्थाने आत्ताच मिळते आहे. ही मधली वर्षे एका कारणासाठी विशेष लक्ष देण्याजोगी आहेत. गाडी विकत घेण्याचा दिवस करधोरणाने आखलेला आहे, आणि ती भंगारात काढण्याची चौकट ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या स्क्रॅपेज धोरणाने आखली आहे. या दोहोंच्या मधला सगळा काळ मात्र मालक, त्याचा मेकॅनिक आणि रस्ता यांच्यावर सोपवलेला आहे.

पहिली गोष्ट कुटुंबाची. दहा वर्षांत गाडी बदलत नाही, कुटुंब मात्र बदलते. घेताना मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची असते, ती आयसोफिक्सच्या कड्यांना, म्हणजे सीटच्या सांध्यात बसवलेल्या लोखंडी आकड्यांना, अडकवलेली असते. विकताना त्याच जागी सहा फुटांकडे झुकलेला महाविद्यालयीन मुलगा गुडघे पुढच्या सीटला टेकवून बसलेला असतो. मधल्या काळात आजी-आजोबांचे गुडघे दुखू लागतात, आणि तेव्हा या वर्गाचा सर्वांत मोठा व सर्वांत कमी बोलला जाणारा गुण उघड होतो: सीटची उंची साधारण कमरेइतकी असल्यामुळे वयस्कर माणसाला गाडीत खाली उतरावे लागत नाही की वर चढावे लागत नाही, नुसते मागे सरकून बसता येते. बुटक्या सेडानमधून हाताला धरून ओढून बाहेर काढावे लागणाऱ्या माणसाला या गाडीतून आपले आपण उतरता येते, आणि अनेक घरांमध्ये केवळ या कारणासाठी गाडी विकण्याचा विचार पुढे ढकलला जातो. उलट बाजूने, चार मीटरची मर्यादा पाळण्यासाठी कंपन्यांनी जी जागा कापली ती प्रामुख्याने डिकीतून आणि मागच्या सीटच्या वाट्यातून कापली. त्यामुळे पाच माणसांची गाडी म्हणून घेतलेले हे वाहन चार मोठी माणसे आणि एक लहान मूल यांच्यासाठीच सुखाचे आहे, हे घेतानाच ओळखलेले बरे.

दुसरी गोष्ट रस्त्याची, आणि इथे थोडे थांबायला हवे, कारण या गाड्यांचे खरे वय किलोमीटरच्या आकड्यापेक्षा त्यांच्या खालच्या बाजूला अधिक स्पष्ट वाचता येते. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या तळाचा सर्वांत खालचा भाग आणि रस्ता यांमधले अंतर, ब्रेझाच्या बाबतीत १९८ आणि नेक्सॉनच्या बाबतीत २०९ मिलिमीटर असे जाहीर केले गेले. हा आकडा सामान्यतः रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसे आणि गणपतीला गावी निघताना भरलेली डिकी यांच्या वजनाने स्प्रिंग दबतात आणि अंतर बरेच कमी होते. त्यातून गाडी खाली लागत नाही हा भरवसा चालकाला खड्ड्यातून वेगाने जाण्याचे धाडस देतो, आणि जो आघात बुटक्या गाडीच्या चालकाने ब्रेक दाबून टाळला असता तो उंच गाडीचे सस्पेन्शन मुकाट्याने सोसते.

त्याचा हिशेब चौथ्या-पाचव्या वर्षी पुढे येतो. गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवली की पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूस लोअर आर्म दिसतो. हा चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा, साधारण त्रिकोणी आकाराचा पोलादी भाग असून तो सांगाड्याला जिथे जोडला जातो तिथे बुश बसवलेले असतात. बुश म्हणजे आतून-बाहेरून धातूची नळी आणि मध्ये जाड रबर. चाक वर-खाली होताना हे रबर पिळवटते आणि धक्का गिळते. नव्या बुशचे रबर गुळगुळीत आणि काळेभोर असते; चार पावसाळे काढलेल्या बुशवर मात्र आधी केसासारख्या बारीक भेगा दिसतात, मग त्या भेगांत चिखल भरतो, आणि शेवटी रबर आतल्या नळीपासून सुटते. फिटर लोखंडी टॉमी आर्मखाली घालून हलकेच उचकतो तेव्हा सुटलेला बुश बोटभर हलताना डोळ्यांनी दिसतो, आणि सोसायटीच्या गेटवरच्या गतिरोधकावरून हळू जाताना ऐकू येणारी ‘खट-खट’ कुठून येते ते कळते. बहुतेक ठिकाणी हा आवाज आला की आधी लिंक रॉड बदलला जातो, कारण तो स्वस्त आणि बदलायला सोपा. आवाज गेला नाही की शॉकॲब्सॉर्बर बदलला जातो. आणि मूळ बुश तसाच राहतो. अधिकृत सर्व्हिस सेंटर पुष्कळदा बुश सुटा न बदलता सबंध आर्म बदलून देते, तर जुन्या गॅरेजमध्ये प्रेसवर जुना बुश काढून नवा दाबून बसवतात. दोन्ही पद्धती ठीक आहेत, मात्र त्यानंतर व्हील अलाइनमेंट केलेच पाहिजे; आर्म हलला की चाकाचा कोन बदलतो, आणि टायर आतल्या कडेने झिजू लागतो, जी कड उभ्याने पाहिल्यास दिसतच नाही.

टायरविषयी एवढेच सांगणे पुरे की त्याच्या बाजूवर शेवटी छापलेले चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात, आणि नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की तो बदलावा असा नियम असला तरी खोली शिल्लक असूनही वयाने कडक झालेला टायर पावसात निसटतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर अखंड खुला झाल्यापासून नागपूर-मुंबई प्रवास एका दिवसात करणारी कुटुंबे वाढली. उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास १२० च्या वेगाने धावणाऱ्या गाडीचे सात वर्षांचे टायर आणि त्याहून जुनी, कधीच न वापरलेली स्टेपनी ही जोखीम कुठल्याही कुटुंबाने पत्करू नये.

कोकणातील गाडी आणि मराठवाड्यातील गाडी एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात निघाल्या तरी आठ वर्षांनी त्या सारख्या राहत नाहीत. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत सायलेन्सरचे जोड, दरवाजांच्या खालच्या कडा आणि डिकीच्या झाकणाची बिजागरी आधी गंजतात, आणि पावसाळ्यात उबेला शिरलेले उंदीर बॉनेटखालच्या वायरी कुरतडतात. मराठवाड्यात आणि विदर्भात गंज जवळजवळ नसतो, परंतु धुळीने एअर फिल्टर लवकर बुजतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात एसीची यंत्रणा व बॅटरी थकतात. मुंबई-पुण्याच्या गाडीला या दोन्हींपेक्षा वेगळा रोग जडतो, तो क्लचचा. या वर्गातील अनेक इंजिने लहान आकाराची आणि टर्बोची आहेत. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारी चक्की, आणि ती पुरेशी फिरू लागेपर्यंत इंजिनात जीव येत नाही. मंद रहदारीत आणि घाटातल्या चढावर गाडी बंद पडू नये म्हणून चालक क्लचवर पाय ठेवून, म्हणजे हाफ क्लचवर, गाडी सरकवत राहतो, आणि त्या घर्षणात क्लच प्लेट जळत जाते. त्यामुळे महामार्गावर लाख किलोमीटर सहज टिकणारा क्लच शहरात त्याच्या निम्म्यातच संपल्याच्या तक्रारी ऐकू येतात. त्यात दोष गाडीचा किती आणि वापराचा किती, हे जुने क्लच उतरवून पाहिल्याशिवाय कोणीही छातीठोकपणे सांगू नये.

इंधनाची निवड हा या दहा वर्षांतील सर्वांत महाग निर्णय ठरला. २०१६ मध्ये ब्रेझा केवळ १२४८ सीसीच्या डिझेल इंजिनासह आली होती आणि मायलेजच्या जोरावर ती खपली; १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ प्रदूषण मानके लागू झाली आणि मारुतीने डिझेल सोडूनच दिले. ज्या कंपन्यांनी ते ठेवले त्यांच्या गाड्यांमध्ये डीपीएफ आला. डीपीएफ ही सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली, काजळी अडवणारी सच्छिद्र जाळी असून ती भरत आली की इंजिन थोडे जादा डिझेल सोडून तिचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत नेते आणि साठलेली काजळी जाळून टाकते. या प्रक्रियेला सलग पंधरा-वीस मिनिटे बऱ्यापैकी वेगाने चालणारी गाडी लागते. घर ते शाळा, शाळा ते कार्यालय अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ती दर वेळी अर्ध्यावर तुटते. डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि जादा सोडलेले पण न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. ऑइलची पट्टी काढून पाहिल्यावर पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते, आणि ‘ऑइल खात नाही’ म्हणून मालकाला बरे वाटते तेव्हा प्रत्यक्षात ते ऑइल पातळ होऊन निकामी होत असते.

याचा हिशेब गाडी घेण्याआधी मांडता येतो. पेट्रोल १०४ रुपये आणि गाडी लिटरला १३ किलोमीटर देते असे धरले तर किलोमीटरला आठ रुपये पडतात. डिझेल ९० रुपये आणि १८ किलोमीटर धरले तर पाच. दर किलोमीटरमागे तीन रुपये वाचले, आणि डिझेल गाडी सव्वा लाखाने महाग असली, तर ती रक्कम भरून यायला सुमारे ४२ हजार किलोमीटर लागतात. वर्षाला आठ हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाला ही पाच वर्षे झाली, म्हणजे हमी संपून डीपीएफ आणि इंजेक्टरच्या खर्चाची भीती सुरू होते नेमके तिथेच डिझेल फायद्यात येऊ लागते. दर आठवड्याला पुणे-कोल्हापूर करणाऱ्याचे गणित अर्थातच वेगळे आहे. सीएनजीने हा प्रश्न पुष्कळांसाठी सोडवला, पण डिकी सिलिंडरला द्यावी लागते आणि त्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते.

पेट्रोल घेतलेल्यांनाही धोरणाने गाठले. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोल आता देशभर विकले जाते, आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या पुष्कळ गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते आणि ते हवेतील ओलावा शोषते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच असे नमूद आहे की साध्या पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज ई-२० मुळे सहा ते सात टक्क्यांनी घटू शकते. उसावर जगणाऱ्या महाराष्ट्राला इथेनॉलचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. साखर कारखान्यांकडून पैसे वेळेवर मिळणे हे शेतकऱ्याच्या घरातही हवेच आहे. तथापि २०१८ची गाडी घेऊन बसलेल्या माणसाला पंपावर कमी मिश्रणाचे परवडणारे पेट्रोल निवडण्याची सोय ठेवली गेली नाही, आणि रबरी नळ्या व सील लवकर बदलण्याचा खर्च त्याच्याच माथी आला, हे न्याय्य म्हणता येणार नाही.

पावसाळा आणि विमा यांचे नाते महाराष्ट्राने फार कठोरपणे अनुभवले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. गाडी उंच असल्यामुळे पाण्यातून निघून जाईल हा समज अशा वेळी घातक ठरतो. इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढले की दट्ट्याला दाबता येत नाही, कारण पाणी दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केला तर झालेले नुकसान साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत बसत नाही असे कंपन्या सांगतात, आणि त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची जोड पॉलिसी घेतलेली असावी लागते. विम्यातील दुसरा खड्डा घसाऱ्याचा आहे. पॉलिसीवर छापलेली गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, चार ते पाच वर्षांच्या गाडीसाठी मूळ किमतीच्या निम्म्यावर आणली जाते, आणि बंपरसारखे प्लॅस्टिकचे भाग बदलताना झीरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची सोय, नसल्यास निम्मी रक्कम मालकाने भरायची असते. ही झीरो डेपची सोय सामान्यतः पाच वर्षांपर्यंतच सहज मिळते. जेव्हा तिची गरज वाढते तेव्हाच ती दुर्मीळ होते.

सुरक्षिततेच्या ताऱ्यांबाबतही वयाचा विचार व्हायला हवा. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत पाच तारे मिळाले, आणि भारतात बनलेल्या गाडीला ते प्रथमच मिळाल्यामुळे गिऱ्हाईक शोरूममध्ये मायलेजच्या जोडीला सुरक्षेविषयी विचारू लागले. हा बदल मोलाचा आहे. परंतु तारे नव्या गाडीला दिलेले असतात. अपघातानंतर पुढचा खांब ठोकून सरळ केलेल्या, समोरची काच घाईने चिकटवलेल्या आणि एअरबॅगचा दिवा बल्ब काढून विझवलेल्या गाडीला त्या ताऱ्यांवर हक्क सांगता येत नाही, मग ती बाहेरून कितीही चकचकीत असो.

सर्वांत खोल अडचण सुट्या भागांची आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला; मूळ सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तिका आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देता कंपन्या बाजार आपल्या मुठीत ठेवतात, असा त्या निर्णयाचा आशय होता. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली आणि मोटारवाहने तिच्या विषयांत घेतली. प्रत्यक्षात मात्र आजही तालुक्याच्या गावातील अनुभवी मेकॅनिक आवाज ऐकून बिघाड सांगतो, पण संगणकात नोंदलेला दोषाचा संकेत पुसण्यासाठी गाडी जिल्ह्याच्या गावी न्यावी लागते. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली तेव्हा सेवा आणि सुटे भाग देत राहू असे आश्वासन दिले. तरीही इकोस्पोर्टच्या मालकाला त्या दिवशी जी काळजी वाटली, ती कंपनी चालू असलेल्या पण मॉडेल बंद झालेल्या प्रत्येक गाडीच्या मालकाला थोड्याफार प्रमाणात वाटतेच. एका हेडलाइटसाठी, एका दरवाजाच्या रबरासाठी किंवा एका सेन्सरसाठी तीन आठवडे उभी राहिलेली गाडी बिघडलेली नसते, तिचा पुरवठा बिघडलेला असतो. सुटे भाग किमान किती वर्षे मिळतील हे विक्रीच्या वेळीच लेखी द्यायला कंपन्यांना भाग पाडले पाहिजे, आणि पंधरा वर्षांचा रोड टॅक्स एकरकमी वसूल करणाऱ्या राज्याने तेवढ्याच मुदतीचा आग्रह धरला तर तो जास्त नाही.

या पुरवठ्याचा प्रश्न पहिल्या मालकापेक्षा दुसऱ्याला अधिक भिडतो. शहरातील कुटुंब सातव्या-आठव्या वर्षी गाडी विकते आणि ती अनेकदा अशा गावी जाते जिथून अधिकृत सर्व्हिस सेंटर ६०-७० किलोमीटर दूर असते. हप्ते संपले तरी बँकेचा बोजा आरसी बुकावर तसाच असतो, कारण फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र आरटीओत देण्याचे राहून गेलेले असते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात, पण नाव बदलले की नाही हे पाहिले जात नाही, आणि वर्षभराने पहिल्या मालकाला दुसऱ्याच्या चुकीचे चलन येते. घेणाऱ्याच्या दृष्टीने मीटरवरील आकड्यापेक्षा सर्व्हिसची बिले अधिक खरे बोलतात, कारण मीटर मागे नेता येतो, परंतु ब्रेकचे ऑइल दोन वर्षांनी बदलले होते का, कूलंट कधी भरले, क्लच कोणत्या किलोमीटरला उतरवला, हे तारखेसह लिहिलेल्या बिलांतून कळते. दुसऱ्या मालकाकडे गाडी पुन्हा पाच-सहा वर्षे चालते आणि मग नोंदणीचे पंधरावे वर्ष उजाडते. एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आहे, त्यावर पर्यावरण कर आणि तपासणीचा खर्च येतो, आणि त्या तपासणीला नेण्यापूर्वी लोअर आर्मचे बुश, हँडब्रेक, हेडलाइटचा झोत, धूर आणि नंबरप्लेट एवढ्या गोष्टी तालुक्याच्या गॅरेजमध्ये नीट करून घेतल्या, तर पुढच्या पाच वर्षांचा शिक्का पुष्कळ गाड्यांना मिळू शकतो.